१५ एचपी जुनी मशीन, अर्ध्या ॲक्सिलेटरच्या वर गेलं की दम सोडते

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५ एचपीची जपानी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची मशीन) आहे, दोन सिलिंडर, वय विचारू नका, मी घेतली तेव्हाच तिसऱ्या मालकाकडून घेतली. फायबरची लहान होडी, कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला चालवतो. पावसाचे दोन-तीन महिने पडवीत स्टँडवर होती. आता दुसऱ्या तिसऱ्या दोरीला चालू होते, स्लोमध्ये मस्त टुकटुकते, थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी पण जोरात, पण ॲक्सिलेटरची मूठ अर्ध्याच्या पुढे फिरवली की घोंऽऽ करून बसते, लगेच कमी केली तर सावरते नाहीतर बंद. परवा ओहोटीला खाडीच्या तोंडाशी बंद पडली, वल्ही मारत आलो, बायको अजून ऐकवतेय. प्लग नवे टाकले, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच बदला, आकडा ऐकला आणि गप घरी आलो. खरंच बदलावा लागेल का?

गंजलेला नट:
थांबा, पैसे खिशातच ठेवा. आधी हे ठरवा की पेट्रोल पोचत नाहीये की ॲक्सिलेटर उघडत नाहीये, दोन्ही वेगळी दुखणी आहेत आणि मुठीवर सारखीच वाटतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? हसू नका, मी स्वतः एकदा तो बंद ठेवून अर्धा दिवस इंजिन खोलत बसलोय. मग कोणालातरी सोबत घेऊन पाण्यात जा, मशीन बसायला लागली की त्याला पाइपवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. दाबल्यावर उचलली तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. फुग्याने काही नाही झालं तर चोक (हवा कमी करणारा) किंचित ओढून बघा, त्याने उचलली म्हणजे कार्बोरेटरमधूनच पेट्रोल कमी मिळतंय, मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक पितळी भोक, तुंबलाय. आणि तोवर फुल मारत बसू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलपण कमी, पिस्टन घासायला वेळ लागत नाही.

झील मालवणचो:
माज्या ९.९ एचपीच्या मशीनीचा सुदा असाच झाला होता रे. पावसात पेट्रोल आत तसाच ठेवलंस काय? मग दुसरा काय होतला. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येता, ता हवेतला पाणी ओढता आणि टाकीच्या तळाक जावन बसता, नळी पण तळातसूनच ओढता. त्या तळाच्या पाण्यात ऑइल नसता, ह्या ध्यानात ठेव. जुना पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रातभर ठेव, सकाळी दोन थर दिसले तर ओतून टाक, मशीनीत घालू नको.

सुकाणू:
वरचं सगळं बरोबर पण लिंकेजकडे, म्हणजे मुठीपासून आतल्या जोडणीकडे, कोणी बघत नाही. या जुन्या मशीनमध्ये मूठ फिरवली की फक्त कार्बोरेटरची पाकळी (हवेची झडप) उघडत नाही, फ्लायव्हीलखालची मॅग्नेटोची (ठिणगीची वीज बनवणारी) प्लेट पण फिरते आणि स्पार्क पुढे जातो, म्हणजे लवकर पडतो. खाऱ्या पाण्याने ती प्लेट जाम होते, मग पाकळी उघडते पण स्पार्कचं टायमिंग मागेच राहतं आणि मशीन बसते, लोक कार्बोरेटर साफ करून करून थकतात. मशीन बंद ठेवून वरचं कव्हर काढा, गिअर टाका (न्यूट्रलमध्ये बऱ्याच मशीनची मूठ पूर्ण फिरतच नाही) आणि मूठ शेवटपर्यंत फिरवून बघा की प्लेट आणि पाकळी दोन्ही शेवटच्या स्टॉपला टेकतात का.

खाडीकाठ:
बघितलं सगळं. टाकीचा स्क्रू उघडाच होता. फुगा दाबून ढिम्म फरक नाही, चोक जरा ओढला तर चक्क उचलली, थोडा वेळ का होईना. बरणीत दोन थर आले, झील तू म्हणालास तसे. प्लेट नीट फिरतेय पण पाकळी पाऊणच उघडते, केबलला ढील आहे. म्हणजे दोन्ही दुखणी आहेत का काय? आणि शेजारचा म्हणतो सुरक्षित राहायला ऑइल डबल टाक.

गंजलेला नट:
ऑइल डबल अजिबात नको. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे आधीच उपाशी असलेली मशीन आणखी उपाशी. मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइल ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, बस. कार्बोरेटर उतरवा, खालची वाटी काढा, जेट बाहेर घेऊन क्लीनर मारा. स्टीलची तार जेटमध्ये घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की झालं. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा पुरे. जेट उजेडात धरला की गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे.

खाडीकाठ:
वाटीत हिरवट चिकट गाळ होता, जेटमधून उजेडच येत नव्हता. साफ केला, नवं पेट्रोल, केबल ताणली. आज संगमापर्यंत जाऊन आलो, फुल मूठ धरते! फक्त बराच वेळ उभी ठेवली की फुगा मऊ पडतोय, पाइपची क्लिप जुनीच आहे, ती उद्या बघतो. बायकोला अजून बसवलेलं नाही होडीत.

झील मालवणचो:
क्लिप बदल आधी, मगे वहिनीक बसय.