फक्त कामाचे मेसेज (नांदेड, सोसायटीचा ग्रुप)

कुलकर्णी काकू, ए-३: नमस्कार. आज दुपारी नाल्याकडच्या भिंतीवर दोन पोरं निळा पट्टा मारून गेली, पंपाच्या खोलीला लागून, माझ्या कमरेएवढा उंच. विचारलं तर म्हणे मोजणी हाय काकू. कशाची मोजणी, कोणाला विचारून, वॉचमन कुठं होता? कमिटीनं उत्तर द्यावं 🙏

शिंदे, बी-७: निवडणुकीचा असेल काकू, आता बाकीचे रंग पण येतील

कुलकर्णी काकू, ए-३: शिंदे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता म्हणून हसू येतंय

राठोड सर, सी-२: मी संध्याकाळी बघून आलो. पट्ट्याजवळ खडूनं आकडा लिहिलाय, मीटरमधी. पूररेषेची खूण दिसतीय. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढतं ती, आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत नदीकडं नवीन बांधकाम होत नाही. निळी ते लाल या पट्ट्यात परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर पाहिजे.

जाधव, बी-१: सर म्हणजे आपली बिल्डिंग कशात?

राठोड सर, सी-२: भिंत निळीवर आहे. बिल्डिंग मधल्या पट्ट्यात. म्हणजे पुढं कधी पाडून बांधायची म्हटलं तर जोत्याचा खर्च आलाच.

जाधव, बी-१: सर जरा हळू. उद्या अकराला गिऱ्हाईक येतंय माझा फ्लॅट बघायला. तो पट्टा तेवढा झाकता येईल का, कुंड्या बिंड्या लावून

कुलकर्णी काकू, ए-३: कुंड्यांना हात लावायचा नाही.

ॲड. देशपांडे काका, ए-५: ही रेषा शहराच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या विकास आराखड्यातली. त्यावर हरकत ३० दिवसांत द्यायची असते, लेखी, पोच घेऊन. ग्रुपवर बोलून काही होत नाही.

शिंदे, बी-७: बिल्डरनं तर नदीचा नजारा म्हणून चौरस फुटाला पन्नास रुपये जास्त घेतले होते. नजारा पार पंपाच्या खोलीपर्यंत येतो हे नाही सांगितलं

पवार ताई, सी-६: पट्ट्याचं राहू द्या, त्याच आराखड्यातल्या नवीन रस्त्याचं कोणी वाचलं का? नाल्याच्या कडेनं २४ मीटरचा रस्ता आणि त्यावर बस धरलीय. मला हे पाहिजे. मी रोज विष्णुपुरीला मेडिकल कॉलेजला जाते, नाइट असली की ऑटोवाला तोंडाला येईल ते मागतो. परवा पप्पांना पहाटे ५ च्या वंदे भारतला सोडायचं तर दीडशे, ते पण अर्धा तास हातापाया पडून.

शिंदे, बी-७: ताई बस पहाटे चारला येणार का पण

पवार ताई, सी-६: दिवसा तरी येईल ना. तुमच्याकडं गाडी आहे म्हणून सुचतंय.

जाधव, बी-१: रस्ता झाला तर रेट वाढतील 👍 हे गिऱ्हाईकाला सांगतो

राठोड सर, सी-२: रस्त्याला माझा विरोध नाही. पण तो भरावावर येणार, पुरुषभर उंच. आणि आपल्याकडं पाणी गंगेकडून, म्हणजे गोदावरीकडून, सरळ कधीच आलं नाही, नाल्यातून उलटं आलं. २००६ च्या ऑगस्टात मी रात्री दीडला इथं उभा होतो, तेव्हा इथं नुसता प्लॉट होता. वरून जायकवाडीचं पाणी, पूर्णेचं पाणी, सगळं एकदम. जुन्या पुलावर इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका ३५४. गंगा एवढी चढली की नाल्याला तोंडच राहत नाही, गावातलं पाणी जाणार कुठं, ते मागं फिरतं. पाऊस थांबलेला होता आणि पाणी वाढत होतं. पाण्यावर चपला तरंगत वरच्या दिशेनं चालल्या होत्या. आता त्याच नाल्यावर भराव टाकून खाली दोन पाईप ठेवले तर आधी पाणी आत कोंडेल, आणि गंगा उतरली तरी आपल्या पार्किंगमधलं उतरणार नाही.

कुलकर्णी काकू, ए-३: मागच्या सप्टेंबरात तीन दिवस मोटर पाण्यात होती. मोटर दुरुस्तीची वर्गणी अजून सहा जणांनी दिली नाही, नावं घेत नाही.

शिंदे, बी-७: घ्या ना नावं. आम्ही वरचे कामून द्यायचं, आमच्या घरात पाणी आलं होतं का

कुलकर्णी काकू, ए-३: मग मोटरचं पाणी वर चढवतो ते पण घेऊ नका.

ॲड. देशपांडे काका, ए-५: हरकत ३० दिवसांत, लेखी, पोच घेऊन.

पवार ताई, सी-६: काका वाचलं. सर, मग मागायचं काय? रस्ता नको म्हटलं तर मी सही करणार नाही, आधीच सांगते.

राठोड सर, सी-२: रस्ता नको म्हणायचंच नाही. रस्ता करा, बस आणा, पण नाल्याचं पाणी रस्त्याखालून जायला पाईपाची मोरी नको, स्लॅबची मोरी द्या, नाल्याच्या पूर्ण रुंदीची, मधी खांब कमीत कमी. स्लॅबची खालची बाजू लाल रेषेच्या वर. पाईपात पहिल्याच पावसात गाद्या अन् थर्माकोल अडकतं, पलीकडच्या मोरीत जाऊन बघा, एक अख्खा कूलर आहे.

शिंदे, बी-७: तो कूलर आमचा असेल 😀 २००६ चा नाही, २०२५ चा

सचिव: नमस्कार. दिवसभर मीटिंगमधी होतो. पट्टा पूररेषेचाच आहे, मला आधी फोन आला होता, ग्रुपवर टाकायचं राहून गेलं.

कुलकर्णी काकू, ए-३: राहून गेलं!! वर्गणीचा मेसेज बरा वेळेवर येतो.

सचिव: काकू, एक तारखेला देणाऱ्यांना तो मेसेज येत नाही.

जाधव, बी-१: भांडू नका हो, माझं गिऱ्हाईक इथंच राहायला येणार आहे

ॲड. देशपांडे काका, ए-५: मी मसुदा केला आहे. एक पान. मोरीचं राठोड सरांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. बस थांबा आपल्या गेटसमोर मागितला आहे, पवार ताई खूश व्हाव्यात. कागद वॉचमनकडं ठेवतोय. हरकत ३०

शिंदे, बी-७: दिवसांत, लेखी, पोच घेऊन. पाठ झालं काका

पवार ताई, सी-६: मी सही केली. शिंदे भाऊ, तुमच्या मजल्यावरून अजून एकही नाही.

शिंदे, बी-७: खाली आलो होतो ताई, रजिस्टरला बांधलेला पेन कोणीतरी दोऱ्यासकट नेलाय

कुलकर्णी काकू, ए-३: माझ्याकडं आहे. दूधवाल्याचा हिशेब लिहीत होते. आणि शिंदे, येताना मोटरचे पैसे पण घेऊन या.