ई-बाइकची नंबर प्लेट आणि मंडळाचं पत्र (न्यूयॉर्कच्या मराठी मंडळातला, २०२५ च्या अखेरचा पत्रव्यवहार)

विषय: ई-बाइक नोंदणी विधेयकाला मंडळाचा पाठिंबा हवा
प्रेषक: एक आजीव सभासद, मॅनहॅटन

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपतीनंतर मी कुठल्याच कार्यक्रमाला दिसलो नाही म्हणून अनेकांनी चौकशी केली. मनगट मोडलं होतं. फर्स्ट अव्हेन्यू ओलांडत होतो, सिग्नल माझा होता. गाड्या ज्या बाजूने येतात तिकडे बघून पाऊल टाकलं आणि धडक दुसऱ्या बाजूने बसली. सायकलींच्या पट्ट्यातून उलट्या दिशेने ई-बाइक आली होती. मुलगा क्षणभर थांबला, 'सॉरी' म्हणाला आणि निघून गेला. पोलिसांच्या कागदावर त्याच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं आहे.

प्रत्येक ई-बाइकची नोंदणी करावी आणि तिला दिसेल अशी नंबर प्लेट लावावी, असं विधेयक न्यूयॉर्कच्या नगर परिषदेत २०२४ पासून पडून आहे. परिषदेची मुदत डिसेंबर २०२५ अखेर संपते. मंडळाने पाठिंब्याचं पत्र द्यावं, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. आपल्यात साठीच्या पुढचे किती जण आहेत ते मोजा, म्हणजे मी हे का लिहितो आहे ते कळेल.

विषय: उत्तर: ई-बाइक नोंदणी विधेयक
प्रेषक: एक सभासद, क्वीन्स

काका, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. एवढं होऊन आम्हाला कळलंही नाही. रविवारी भेटायला येतो.

मी रोज ई-बाइकने क्वीन्सबरो पुलावरून कामाला जातो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं वाटू शकेल. तरीही लिहितो, कारण मंडळाच्या नावाने जाणारं पत्र सगळ्यांचं असतं.

या शहराने ई-बाइकच्या बाबतीत दर दोन-तीन वर्षांनी दिशा बदलली आहे. २०१७ मध्ये डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक जप्त होत होत्या. २०२० मध्ये राज्याने त्या कायदेशीर केल्या आणि तीन वर्ग ठरवले: पहिल्यात पॅडल मारलं तरच मोटर चालते आणि ताशी २० मैलांवर मदत थांबते, दुसऱ्यात थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारताही मोटर चालते, पण वेग तोच, तिसरा ताशी २५ मैलांचा, आणि तो फक्त या शहरापुरता. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २८ एप्रिलपासून सिग्नल तोडणाऱ्या सायकलस्वारांना पोलीस फौजदारी समन्स देऊ लागले. २४ ऑक्टोबरपासून सगळ्या ई-बाइकना ताशी १५ मैलांची मर्यादा आली.

१५ मैल म्हणजे ताशी २४ किलोमीटर. हा आकडा मला मान्य आहे. २५ मैलांच्या धडकेत १५ मैलांच्या धडकेपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तुमच्या मनगटाचा आणि या गुणोत्तराचा थेट संबंध आहे. पण ही मर्यादा पाळून घेणार कोण? युरोपात साध्या ई-बाइकची मोटर ताशी २५ किलोमीटरला आपोआप मदत बंद करते. २५० वॉटची सीमाही यंत्रालाच असते, रस्त्यात उभं राहून कोणाला मोजत बसावं लागत नाही. आपल्याकडे दुकानात २५ मैलांचं यंत्र मिळतं आणि रस्त्यावर ते १५ ने चालवायचं. म्हणजे सगळा भार कोपऱ्यावरच्या पोलिसावर, आणि तो कोणाला थांबवतो ते त्याच्या नजरेवर.

युरोपात ताशी ४५ किलोमीटरच्या वेगवान ई-बाइक वेगळ्या वर्गात धरतात. त्यांना नंबर प्लेट लागते, विमा लागतो, हेल्मेट लागतं. प्लेटला माझा विरोध नाही. पण ती यंत्राच्या ताकदीवर ठरावी. मुलीला मागे बसवून पॅडल मारत शाळेत सोडणाऱ्या आईला आणि चाळीस मैलांनी धावणाऱ्या बिनपॅडलच्या गाडीला एकाच नोंदवहीत घालायचं कशासाठी? ती दुसरी गाडी मुळात ई-बाइक नाहीच. मोपेडला डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाची, नोंदणी आजही सक्तीची आहे. तो कायदा असूनही अशा गाड्या रोज दिसतात. नवी नोंदवही उघडली तर जे नियम पाळतात तेच रांगेत उभे राहतील.

फौजदारी समन्सबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. लाल दिवा मोटारवाल्याने तोडला तर वाहतुकीचं तिकीट, सायकलवाल्याने तोडला तर न्यायालयाची फेरी, आणि तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं. आपल्या मंडळात विद्यार्थी आहेत, एच-वन-बीवाले आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली कुटुंबं आहेत. पोलिसांनी कधी अटक किंवा कारवाई केली होती का, हा प्रश्न ग्रीन कार्डच्या अर्जात असतो आणि नागरिकत्वाच्या अर्जातही असतो. मंडळाच्या पत्रात 'कडक कारवाई करा' एवढंच असेल, तर ती कारवाई आपल्याच पोरांवर येऊन पडेल.

आणखी एक, माझ्या रोजच्या पुलावरचं. क्वीन्सबरोवर चालणारे आणि सायकलवाले वर्षानुवर्षं एकाच अरुंद पट्ट्यात होते. दिवसातून दोनदा कोणाचा तरी खांदा घासायचा, शिव्या व्हायच्या. यंदा १८ मे रोजी पादचाऱ्यांना दक्षिणेकडचा वेगळा मार्ग मिळाला आणि भांडण संपलं. दंड नाही, प्लेट नाही. ब्रुकलिन पुलावर २०२१ मध्ये सायकलींना खाली वेगळी लेन दिली, तेव्हाही हेच झालं. फर्स्ट अव्हेन्यूचा पट्टा एका दिशेचा आहे. परतीची डिलिव्हरी दोन चौक मागे असेल तर मुलगा उलटाच येणार, कारण डिलिव्हरीचं अ‍ॅप त्याची मिनिटं मोजतं. तो चुकलाच, पण त्या मिनिटांबद्दल पत्रात एक ओळ तरी हवी.

विषय: उत्तर: उत्तर: ई-बाइक नोंदणी विधेयक
प्रेषक: एक आजीव सभासद, मॅनहॅटन

चि. क्वीन्सकर,

ऊर्जेचं गणित पटलं. समन्सचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो पत्रात घालायलाच हवा.

पण एक गोष्ट तुझ्या लांब पत्रात नाही. मला त्या मुलाला शिक्षा द्यायची नाही. मला फक्त तो कोण होता ते कळायला हवं होतं. मोटारीने धडक दिली असती तर नंबर असता, विमा असता, माझं बिल कोणीतरी भरलं असतं. आता शस्त्रक्रियेचं बिल माझ्या नावावर आहे आणि समोर कोणीच नाही. तुझ्या युरोपच्या यंत्रात याला उत्तर आहे का?

विषय: उत्तर: ई-बाइक, आणि बॅटरीचं काय?
प्रेषक: एक सभासद, ब्राँक्स

काका, दादा, तुम्ही दोघं रस्त्याबद्दल बोलताय. माझी भीती जिन्याची आहे.

२०२३ मध्ये या शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. आमच्या शेजारच्या इमारतीत आग लागली तेव्हा रात्री दोन वाजता मुलांना घेऊन मी रस्त्यावर उभी होते. तो वास अजून आठवतो. या बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि बाहेरून पाणी मारूनही आत ती साखळी चालू राहते. दारापाशी चार्जिंगला लावलेली बाइक पेटली तर घरातल्यांना बाहेर पडायला वाटच उरत नाही.

सप्टेंबर २०२३ पासून शहरात यूएल या चाचणी संस्थेच्या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र नसलेली बाइक किंवा बॅटरी विकता येत नाही. पण जुन्या सेलांची जुळवाजुळव करून बनवलेले पॅक अजून फिरतात, आणि ते घेतो तो पैसे नसतात म्हणून घेतो. जुनी बॅटरी द्या, प्रमाणित घ्या, अशी अदलाबदल मोठ्या प्रमाणावर व्हावी, आणि चार्जिंगच्या जागा घराबाहेर, फुटपाथवर असाव्यात. पत्रात हे नसेल तर माझी सही नाही.

विषय: पत्राचा नवा मसुदा
प्रेषक: एक सभासद, क्वीन्स

काका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस शोधलं. धंद्यासाठी सायकल चालवणाऱ्यांना शहरात आधीच नियम आहे: धंद्याने प्रत्येकाला ओळख क्रमांक द्यायचा, तो सायकलीवर लावायचा, अंगावर धंद्याचं नाव आणि तो क्रमांक असलेलं जॅकेट हवं. रेस्टॉरंट स्वतःची माणसं ठेवायचं तेव्हाचा हा नियम आहे. आता कामगार अ‍ॅपचा, पण कागदावर स्वतंत्र. क्रमांकाची आणि विम्याची जबाबदारी अ‍ॅप कंपनीवर टाका, अशी मागणी करू. मग तुमच्यासारख्या माणसाच्या बिलापुढे कोणीतरी उभं राहील, आणि मुलाला कोर्टात जावं लागणार नाही.

मसुद्यात पाच मागण्या आहेत: क्रमांक आणि विमा कंपनीकडून, वेगमर्यादा यंत्रातच, ताशी २० मैलांपुढच्या यंत्रांना प्लेट, बॅटरीची अदलाबदल, आणि फौजदारीऐवजी साधं तिकीट. विधेयक जसं आहे तसं मान्य नाही, हेही लिहिलं आहे. १ जानेवारी २०२६ ला जोहरान ममदानी शहराचं महापौरपद घेतील, तेव्हा एक प्रत त्यांच्याकडे जावी.

विषय: उत्तर: पत्राचा नवा मसुदा
प्रेषक: एक आजीव सभासद, मॅनहॅटन

माझा ठराव मागे घेतो, हा मांडू. सही डाव्या हाताने करीन, वाकडी येईल. फर्स्ट अव्हेन्यूला दोन्ही दिशांचा पट्टा मागायचं राहिलं आहे, ते सहावं घाल. रविवारी चारला ये.