रेलबसचं इंजिन फिरतंय पण स्टार्ट घेत नाही, रविवारच्या आत मदत हवी आहे

रूळसोडून | मंगळवार, रात्री ११:४२
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, वेळ नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण स्टार्ट घेत नाही. धूरसुद्धा नाही. बॅटऱ्या नव्या, डिझेल नवं, फिल्टर नवे, एअर तीनदा काढली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दोन मेस्त्री येऊन गेले. एक म्हणाला नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारं) खराब, दुसरा म्हणाला हेड उघडा. रविवारी सकाळी क्रेन सांगितलीय आणि त्याच दिवशी इंजिन चालू करून दाखवायचा शब्द देऊन बसलोय. जाणकारांनी लवकर सांगा.

भडंगप्रेमी | मंगळवार, रात्री ११:५०
कुठली गाडी? आणि क्रेन कशाला? उचलून धक्का देणार काय?

रूळसोडून | मंगळवार, रात्री ११:५३
शीर्षकात लिहिलंय की. रेलबस.

पंचगंगा_काठ | बुधवार, सकाळी ७:१०
रेलबस म्हणजे रुळावर चालणारी बस. चार चाकं, बसचं इंजिन, बसचीच बॉडी. जिथं आख्खी गाडी परवडत नाही तिथं रेल्वेने चालवल्या. शिमोगा-तळगुप्पा, मथुरा-वृंदावन. तळगुप्पाची मी बघितलीय, जोग धबधब्याला जाताना. हात दाखवला की थांबायची असं तिथले लोक सांगायचे. पण कोल्हापुरात ही आली कुठनं? आपल्याकडं तर वैभववाडीची लाईनच अजून येतेय.

भडंगप्रेमी | बुधवार, सकाळी ७:१५
वैभववाडीचा विषय काढू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

निवृत्त_फिटर | बुधवार, सकाळी ८:०२
पुढची माहिती द्या, मग बोलू.
इंजिन कुठलं, किती सिलिंडर.
गाडी किती वर्षं उभी होती, शेडमध्ये की उघड्यावर.
नव्या डिझेलसाठी टाकी जुनीच वापरली का.
इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारला का, डिझेल येतं का.
सायलेन्सरच्या पाइपवर झाकण होतं का.

रूळसोडून | बुधवार, दुपारी १:२०
सॉरी, घाईत राहिलं. पन्हाळा रोडला आमच्या ओळखीच्या एका काकांचं शेत आहे. त्यांनी ही भंगारवाल्याकडून घेतली. कागदपत्रं काही नाहीत. तिथं हॉटेल काढायचंय, गाडीत बसून तांबडा-पांढरा. आम्ही चार मित्रांनी सांगितलं की काका, इंजिन उपटून भंगारात घालू नका, आम्ही चालू करून देतो. साठ फूट रूळ पण टाकलेत.
सहा सिलिंडर, एका ओळीत. प्लेट कुणीतरी काढून नेलीय. डिझेलच्या पंपावर मायको (पंप बनवणारी कंपनी) लिहिलंय. चौदा वर्षं वडाखाली उभी होती, उघड्यावर. पाइपवर झाकण नव्हतं. टाकी जुनीच. बाकीचं संध्याकाळी बघून सांगतो.

उजळाईवाडीकर | बुधवार, दुपारी १:४४
भावा, कशाला डोक्याला ताप? इंजिन काढा, ई-रिक्षाची मोटर आणि चार बॅटऱ्या बसवा. साठ फूटच तर जायचंय. आवाज नाही, धूर नाही, गिऱ्हाईक खूश. माझ्या मेव्हण्याने उसाच्या रसाच्या गाड्याला बसवलीय, नादखुळा चालतंय.

जुनंतेसोनं | बुधवार, दुपारी २:०५
मग रेलबस तरी कशाला ठेवायची? रंग मारलेला कंटेनर ठेवा. इंजिन गेलं की उरतो तो पत्रा.
इंग्लंडमध्ये १९५८ साली पाच कंपन्यांकडून मिळून २२ रेलबस घेतल्या होत्या. त्यातल्या एका जर्मन कंपनीच्या पाचपैकी चार आजही जपलेल्या आहेत. ब्रिस्टलच्या दोन होत्या, दोन्ही भंगारात गेल्या. गेलेली परत येत नाही.

उजळाईवाडीकर | बुधवार, दुपारी २:११
इंग्लंडचं राहू दे साहेब. तिथं तांबडा रस्सा मिळतो का?

निवृत्त_फिटर | बुधवार, दुपारी ३:३०
चौदा वर्षं पाइप उघडा, म्हणजे चौदा पावसाळे. कोल्हापूरचे. सेल्फ मारण्याआधी नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं होतं का? सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि सेल्फ मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रूळसोडून | बुधवार, रात्री ९:१५
ते केलं होतं काका. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून आठ दिवस ठेवलं, मग फ्लायव्हीलला पहार लावून फिरवलं. दोन सिलिंडरांतून लाल पाणी उडालं. चेंबरमधनं (इंजिनच्या तळाशी तेल साठतं तिथनं) आधी साडेतीन लिटर पाणी निघालं, मग तेल. दोनदा तेल बदललं. आता हाताने मोकळं फिरतं.
आत्ता नट सैल करून बघितले. पहिल्या आणि पाचव्याला थेंब थेंब येतंय. बाकी चार कोरडे ठणठणीत. पंपाच्या इनलेटला मात्र डिझेल धारेने येतंय.

हायवे_वाघ | बुधवार, रात्री ९:४०
मग सोपं आहे. पंपातले प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, चिकटलेत. पंपावर रॉकेल ओता, लाकडाने ठोका, आणि गाडी ट्रॅक्टरने ओढा गिअरमध्ये टाकून. सेल्फला जोर नसतो, ओढलं की सगळं मोकळं होतं. मी तीन ट्रक असे काढलेत.

निवृत्त_फिटर | बुधवार, रात्री ९:५८
ओढू नका. हात जोडून सांगतो.
पंपाच्या बाजूला दोन स्क्रूची एक पट्टी असते. ती काढा. आत सहा स्प्रिंगा आणि दातांची आडवी सळई दिसेल, तो रॅक, डिझेल कमी-जास्त करणारा. बोटाने मागंपुढं सरकतो का बघा. आणि स्टॉपची केबल ओढल्यावर सरकतो का, तेही. सेल्फ मारू नका.

हायवे_वाघ | बुधवार, रात्री १०:०३
काका, तुमचा अनुभव मान्य, पण ट्रकवाल्याला रस्त्यात पट्टी काढायला वेळ नसतो.

निवृत्त_फिटर | बुधवार, रात्री १०:०९
ही रस्त्यात नाही. शेतात आहे. चौदा वर्षं.

मीटरगेज_मिरज | बुधवार, रात्री १०:३०
एक विचारू? रूळ कुणी टाकले? गेज किती ठेवलंय?

रूळसोडून | बुधवार, रात्री १०:३४
आम्हीच टाकले. चाकांच्या मधलं अंतर मोजलं, ९३ सेंमी आलं, रूळ तेवढ्यावर टाकले. एकदम टेप लावून.

मीटरगेज_मिरज | बुधवार, रात्री १०:४१
अरे देवा. ९३ सेंमी हे दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. म्हणजे गाडी मीटर गेजची आहे. गेज मोजतात दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमध्ये, ते हवं १००० मिमी. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, रुळाच्या आतल्या बाजूने खाली उतरते. तुम्ही रूळ ९३वर टाकलेत, तर फ्लँजला आत जागाच नाही. रविवारी क्रेनने गाडी ठेवली तर ती फ्लँजवर उभी राहील आणि पहिल्या धक्क्याला घसरेल. अजून गाडी ठेवली नाही ना?

रूळसोडून | बुधवार, रात्री १०:४३
नाही. लाकडी ओंडक्यांवर आहे.
(चौघांनी मिळून मोजलं होतं. चौघं इंजिनिअर.)

भडंगप्रेमी | बुधवार, रात्री १०:४५
आता कळलं क्रेन कशाला ते.

जुनंतेसोनं | बुधवार, रात्री ११:०५
मीटर गेज निघाली ही फार चांगली गोष्ट. आपली मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ची, मीटर गेजचीच होती, १९७१ला ब्रॉड गेज झाली. ही गाडी कदाचित आपल्याच लाईनवर धावली असेल! काकांना सांगा, तसा फलक लावा.

मीटरगेज_मिरज | बुधवार, रात्री ११:१२
'कदाचित'वर फलक लावायचा नसतो. देशभर मीटर गेज होतं. गाडीवर कुठं नंबर, शेडचं नाव, वजनाची अक्षरं आहेत का? नसतील तर 'जुनी मीटर गेज रेलबस' एवढंच लिहा.

रूळसोडून | गुरुवार, सकाळी ६:५०
काकांनी 'ब्रिटिशकालीन रेलगाडी' असा फ्लेक्स आधीच छापून घेतलाय.

मीटरगेज_मिरज | गुरुवार, सकाळी ७:२०
पंप मायकोचा आहे म्हणालात. मायको बंगळुरात सुरू झाली १९५१ साली. इंजिनचा पंप तरी ब्रिटिश गेल्यानंतरचा. फ्लेक्स उलटा करून मंडपाला वापरा.

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ९:००
सुंदर धागा! आम्ही गेल्या मे महिन्यात कालका-शिमला केलं. तिथं १९२७च्या सुमाराच्या रेल मोटर आहेत, समोर काच, पुढं बसलं की बोगदा अंगावर येतो. बुकिंग कसं करायचं कुणाला हवं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

भडंगप्रेमी | गुरुवार, सकाळी ९:०४
कुणालाही नको होतं, पण धन्यवाद.

रूळसोडून | गुरुवार, संध्याकाळी ७:४८
पट्टी काढली. फोटो चढत नाहीये म्हणून लिहितो. आत सगळीकडे तपकिरी चिकट थर, काकवीसारखा, वास जुन्या वॉर्निशचा. पहिली आणि पाचवी स्प्रिंग इंजिन फिरवलं की वरखाली होते. बाकी चार दबूनच बसल्यात, खालचा टॅपेट उतरतो पण प्लंजर वरच अडकलेला. रॅक हलत नाही. अजिबात नाही. स्टॉपची केबल ओढली तर केबलच वाकते.

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री ८:२०
रॅक कुठल्या टोकाला अडकलाय? स्टॉपच्या बाजूला की फुलच्या, म्हणजे जास्तीत जास्त डिझेलच्या?

रूळसोडून | गुरुवार, रात्री ८:३५
स्टॉपच्या उलट्या टोकाला. म्हणजे फुल ना?

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री ८:५५
फुल.
आता हायवेवाले, तुम्हीही वाचा. इंजिन बंद असताना गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग रॅकला फुलकडे ढकलून ठेवते, ते बरोबरच आहे. इंजिन चालू झालं की गव्हर्नरमधली वजनं उघडतात आणि रॅक मागं ओढतात. पण एक जरी प्लंजर चिकटला तरी तो रॅकला धरून ठेवतो, कारण रॅकचे दात सगळ्या प्लंजरांना एकदम फिरवतात. इथं चार चिकटलेत. ओढून, ठोकून त्यातले तीन सुटले असते आणि चौथा राहिला असता, तर इंजिन चालू झालं असतं फुल डिझेलवर. गव्हर्नर काही करू शकत नाही, स्टॉप काही करू शकत नाही. डिझेल इंजिनला स्विच नसतो. रेस होत होत सुटतं ते मग रॉड बाहेर येईपर्यंत. आणि रेलबसमध्ये इंजिन असतं ड्रायव्हरच्या गुडघ्याशेजारी.
एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. असं एक सुटलेलं बघितलंय. दोघं होतो, एकाने अंगातला खाकी शर्ट काढून एअर क्लीनरच्या तोंडात कोंबला म्हणून थांबलं. शर्ट अर्धा आत गेला.

हायवे_वाघ | गुरुवार, रात्री ९:१०
...बरोबर आहे काका. माझ्या तीन ट्रकांत पंप चांगले असणार.

रूळसोडून | गुरुवार, रात्री ९:१४
शनिवारी ट्रॅक्टर सांगितला होता. हायवेदादांचा प्रतिसाद वाचून. आत्ता रद्द केला.

निवृत्त_फिटर | गुरुवार, रात्री ९:३०
पंप काढा आणि डिझेल पंप टेस्टिंगवाल्याकडे न्या. काढण्याआधी इंजिन फ्लायव्हीलच्या खुणेवर आणा, कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर छिन्नीने एक एक रेघ मारा, नाहीतर बसवताना टायमिंगसाठी रडाल. नोझलही सगळे द्या. परत बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि एक माणूस जाड फळी घेऊन फक्त तिथंच उभा करा. सुटलं तर फळी तोंडावर दाबायची. हात नाही, फळी.

जुनंतेसोनं | गुरुवार, रात्री १०:००
हे होईतो रंगाकडे लक्ष द्या. सगळा रंग एकदम खरवडू नका. दाराच्या वर, ऊन न लागलेल्या जागी, रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने ओली करून घासा. झाडाच्या खोडासारख्या कड्या दिसतील. सगळ्यात आतली ती पहिली. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं.

रूळसोडून | गुरुवार, रात्री १०:२२
आत्ताच टॉर्च लावून घासलं. वर भंगारवाल्याचा निळा, मग पिवळट साय, मग करडा, तळाला गडद मरून. मरूनच्या कडेला पिवळी रेघ पण आहे!
अजून एक, सायलेन्सरच्या पाइपला पांढरी सुती दोरी गुंडाळली होती, भुसा होत होती, ती मागच्या आठवड्यात तोडून टाकली. तशी परत कुठं मिळेल?

मीटरगेज_मिरज | गुरुवार, रात्री १०:२५
ती सुती नसावी. सायलेन्सरच्या उष्णतेला सूत टिकत नाही. ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता जास्त. कुठं टाकली?

रूळसोडून | गुरुवार, रात्री १०:२९
गाडीखालीच पडलीय.

मीटरगेज_मिरज | गुरुवार, रात्री १०:३३
झाडू मारू नका. पाणी मारून ओली करा, चांगला मास्क लावा, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तोंड बांधा. ती कुठं द्यायची ते आपण विचारून काढू, पण उकिरड्यावर नको आणि शेकोटीत तर नकोच. नवी घेताना फायबरग्लासची मागा.

उजळाईवाडीकर | गुरुवार, रात्री १०:५०
म्हणून म्हणत होतो, मोटर बसवा.

रूळसोडून | शनिवार, दुपारी ४:१०
अपडेट देतो. रविवार रद्द. क्रेनवाला ॲडव्हान्स परत देईना, म्हणाला पुढच्या तारखेत धरतो. काका दोन तास बोलले नाहीत. मग खाकी शर्टाची गोष्ट सांगितली तर हसले आणि फळी घेऊन मी उभा राहतो म्हणाले. वय ७४. नाही म्हणून सांगितलंय.
रूळ उखडून १००० मिमीवर घेतोय. या वेळी मिरजकर दादांनी सांगितल्याप्रमाणे, आतल्या कडा ते आतल्या कडा.
पंप शिरोलीला टेस्टिंगला दिला. त्याने उघडल्यावर चार प्लंजर निघेनात, डिझेलमध्ये बुडवून ठेवलेत. दोन तरी बदलावे लागतील म्हणाला. पावती करताना गाडीचा नंबर विचारला. म्हटलं, रेल्वे आहे. त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं आणि पंपाला टॅग बांधला, 'रेल्वे, घाई नाही'.
आता टाकी. आत गंज आणि तळाला काळा गाळ आहे, हात जात नाही. कशी धुवायची? नवीन धागा काढू की इथंच विचारू?

निवृत्त_फिटर | शनिवार, दुपारी ४:३२
इथंच विचारा. टाकी किती लिटरची, पत्रा किती जाड, मध्ये पडदे आहेत का, ड्रेनचा नट निघतो का, ते आधी लिहा.