बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची का?

आर्वीचा_पोट्टा
बाबांना (वय 61) मागच्या वर्षी अटॅक आला, वर्ध्याला अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 148 होतं. एटोरवास्टॅटिन 40 सुरू झाली. परवा रक्त तपासलं तर 64. झालं, बाबांनी पाकीट देव्हाऱ्यामागं सारून दिलं! "रोग गेला, आता गोळी कायले?" पोटऱ्या दुखतात हेही कारण आहेच. कोणीतरी जवस खा म्हणून सांगितलंय. आईनं तूप बंद केलं, पण पोळ्याच्या करीला मटणाची तर्री ओरपलीच त्यांनी. काय करावं?

मेडिकलवाले_काका
बाबू, 64 हा आकडा गोळीचा हाये, बाबाचा नाही. पुलगावात दुकान चालवताना हेच पाहात आलो: रिपोर्ट चांगला आला का लोक गोळी सोडते. बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवते, त्यात लिव्हरचा वाटा मोठा. गोळी ते बनवणं दाबते, मंग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेते. बंद केली का काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी. अन् अटॅक होऊन गेलेल्याले 70 च्या खाली पायजेच, काही डॉक्टर तर 55 च्या खाली मागते.

1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरोग्यांवरच्या अभ्यासाचा निकाल आला होता. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत पाचेक वर्षांत मृत्यू 30 टक्क्यांनी कमी. त्याच घराण्यातली हे गोळी.

पोटऱ्या फवारणीच्या पंपानं दुखते का गोळीनं, ते आपण घरी नको ठरवू. डॉक्टरले सांग. सीपीके तपासते, म्हणजे स्नायूले इजा झाली का ते रक्तातून पाहते, डोस कमी करते, नाहीतर गोळी बदलून देते. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठजो. पैशाचं असंन तर जनऔषधीत हेच औषध स्वस्त भेटते.

वरूडची_सून
तूप बंद अन् तर्री चालू, आमच्याही घरी हेच होतं! तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून सासरे खुश. अहो, कोणत्याच वनस्पती तेलात ते नसतं. एलडीएल वाढवते ती चरबी, डालडा, पामतेल. शिवाय भज्यांचं तेच तेल पुन्हापुन्हा तापवायचं! आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंनी माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगितलं. मी पिशवी आली की बाटलीवर खूण करते. सावजी मटण सणालाच, चरबी काढून, वरचा तवंग पळीनं उपसून. चव थोडी जाते, खोटं कशाला बोलू. जवस चांगलंच, पण गोळीसोबत, गोळीऐवजी नाही.

आर्वीचा_पोट्टा
काका, ताई, आभार. डॉक्टरांशी फोनवर बोललो, सोमवारी सीपीकेला बोलावलंय. तोवर गोळी चालू ठेवा म्हणाले. बाबा तयार झालेत. फक्त म्हणतात, वरून कच्चं तेल न टाकता जवसाची चटणी कोणी खाऊन दाखवावी.