काकडीवर भुरी: गंधक मारूनही पांढरं परत येतंय

पंचगंगाकाठ:
शिरोळ तालुका. २० गुंठे काकडी, तार-काठीवर, ठिबक. ४२ दिवस झालेत, दिवसाआड तोडा चालू आहे. खालच्या पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके आलेत, बोटानं पुसलं की निघतात. ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम दोन वेळा, नंतर हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक लिटरला १ मिली दोन वेळा झालं. आठ दिवसांत पुन्हा तेच. आता वरच्या पानांच्या कडा करपल्यात. एका अंगाला दोडका, दुसऱ्या अंगाला ऊस. काय चुकतंय?

मांडववाला:
भुरीच आहे. केवडा असता तर पानावर शिरांमध्ये अडकलेले पिवळे कोनाकोनाचे डाग दिसले असते आणि पान उलटल्यावर करडी-जांभळट बुरशी. करपलेल्या कडा मात्र रोगाच्या नाहीत, तो गंधकाचा चटका. पारा ३२ अंशांच्या वर गेला की गंधक काकडीवर्गाला भाजतं, खरबुजाच्या काही जातींना तर जास्तच. उन्हात गंधक मारायचं नाही. निंबोळी तेल किंवा दुसरं कुठलं तेल मारलं असेल तर मध्ये १५ दिवस जाऊ दे.

आता पान उलटून बघ. ठिपके वर कमी आणि खाली जास्त असतील तर औषध रोगापर्यंत पोचलंच नाही. गंधक आंतरप्रवाही नाही, जिथं पडेल तिथंच काम करतं. एवढ्या वाढलेल्या वेलाला २० गुंठ्यांत ६-७ पंप (१५ लिटरचे) लागतात, तीन पंपांत उरकलं तर वरची पानंच भिजणार. नोझल खालून वर धर.

करवीर_भाजीपाला:
दोन वेळा तेच कोनॅझोल हीसुद्धा चूक. नावाच्या शेवटी 'कोनॅझोल' आलं की गट एकच, कंपनी बदलून उपयोग नाही. कोवळ्या वेलावर त्याचा मारा जास्त झाला तर पेरं आखूड राहतात, पान गडद आणि जाड होतं. पुढची फवारणी अॅझॉक्सिस्ट्रोबिन (वेगळ्या गटाचं बुरशीनाशक) २३ टक्के, लिटरला १ मिली, म्हणजे पंपाला १५ मिली. तीही लागोपाठ नको, या गटाला भुरी लवकर दाद देईनाशी होते. मधल्या पाळीला पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम, सोबत स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रावण). तोडा दिवसाआड आहे, म्हणून फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लेबलवर आधी वाच. फवारणी संध्याकाळी कर, सकाळी फुलावर मधमाशी असते.

आणि ऊस! त्या अंगाला वारा कोंडतो, रोग तिथूनच सुरू झाला असेल. भुरीला पानावर पाणी लागत नाही. दिवसा कोरडं, रात्री दमट आणि २०-२७ अंश असलं की पुरे, म्हणून तर पावसाळा संपल्यावर जोर करते.

पंचगंगाकाठ:
खालची पानं काढू का? आणि दुधाची फवारणी करतात, तिचं काय? शेजारी द्राक्षबाग आहे, तिथून येतंय म्हणतात.

मांडववाला:
द्राक्षाची भुरी वेगळी, ती काकडीवर येत नाही. दोडक्यावरची मात्र येते, तिकडे आधी बघ.

पानं काढ, पण एका वेळी वेलाला ३-४, अगदी तळातली. जास्त काढलीस तर फळ उन्हात येऊन भाजतं. पान हलवत न्यायचं नाही, जागेवरच पोत्यात भरायचं, नाहीतर पांढरी भुकटी वाऱ्यावर सगळीकडे. युरिया थोडा आवर, लुसलुशीत पान भुरीला आवडतं.

दूध १ भाग, पाणी ९ भाग, आठवड्याला एकदा, उन्हाच्या दिवशी. परसातल्या दोन वेलांना ठीक. २० गुंठ्यांत रोग चढल्यावर नाही, शिवाय १०० लिटर फवाऱ्याला १० लिटर दूध लागतं, हिशेब तूच कर.