काकांची लायका एम३: कपाटात ठेवू की वापरू?

दादरकर:
काका गेले त्याला वर्ष झालं. त्यांच्या कपाटात लायका एम३ (जुना फिल्म कॅमेरा) सापडली, ५० मिमी लेन्ससकट. दाखवायला नेली तर दुकानदार म्हणाला, "हात लावू नका, काचेत ठेवा, भाव वाढेल." मला तिच्यावर फोटो काढायचेत. १ सेकंदावर शटर मात्र अडकतं. हे कॅमेरे आता फक्त संग्राहकांचेच का?

तिसरीघंटा:
वापरा! मी २२ वर्षं नाटकांचे फोटो काढतोय, त्यातली पहिली १४ एम३वरच. १९५४चं हे मॉडेल. फोटो काढताना खटकन वर उडणारा आरसा आत नाही, त्यामुळे आवाज इतका हळू की पहिल्या रांगेतलंही कुणी वळून बघत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं, ०.९ पट. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि विंगेतून येणारं पात्र फ्रेममध्ये शिरण्याआधीच दिसतं. फोकसला मधल्या चौकोनात दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या. अंधारात मला नटाच्या सदऱ्याची कडसुद्धा पुरायची.

शटरचं म्हणाल, तर बहुतेक आतलं वंगण सुकलंय. न वापरल्यानेच सुकतं! आणि मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. घरी तेल सोडू नका, जाणकाराकडून खोलून साफ करून घ्या.

एक जपा. उन्हात लेन्सला टोपण हवंच. आरसा नसल्याने ऊन थेट शटरच्या कापडी पडद्यावर एकवटतं. नाशिकला घाटावर माझ्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि अख्ख्या रोलभर, प्रत्येक प्रिंटवर, पांढरा ठिपका आला. फार वाईट वाटलं होतं.

अक्षता_फोटो:
पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढायचे असतील तर मी नको म्हणेन. प्रकाश मोजणारं मीटर नाही, ३६ फ्रेम झाल्या की तळाचं झाकण काढून रोल भरा, तोवर अंतरपाट दूर झालेला असतो.

तिसरीघंटा:
लग्नाबद्दल मान्य. तिथे मीही डिजिटलच नेतो. पण तालीम, रस्ता, घरातली माणसं, यासाठी दुसरा कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही.

दादरकर:
देतो दुरुस्तीला. पण फ्रेम मोजणारा काउंटर २१वर आहे. आत काकांचा रोल असेल का?

तिसरीघंटा:
झाकण उघडू नका! फिल्म पुढे सरकवा आणि रिवाइंडच्या (फिल्म परत गुंडाळायच्या) गोल बटणावरचे लाल ठिपके फिरतात का ते पाहा. फिरले तर रोल आत आहे. समोरचा छोटा खटका वळवा, बटण वर ओढून बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवा, एकदम हलकं लागेपर्यंत. मग रोल काढून लॅबला द्या आणि जुना आहे हे आवर्जून सांगा.