रिकेट्स ग्लेनला तंबू टाकून राहिलायत का? अनुभव लिहा

न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनियातली आपली बरीच मंडळी पेन्सिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन स्टेट पार्कला सकाळी जाऊन रात्री परत येतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. एकाच दरीत नावं असलेले 22 धबधबे आहेत, पूर्ण फॉल्स ट्रेल 7.2 मैलांचा, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनहून मुलांना आवरून निघालं की पोचेपर्यंत दुपार झालेली असते, शनिवारी वरचं 'लेक रोज' नावाचं पार्किंग भरलेलं असतं, मग दोन-चार धबधबे बघून लोक परत फिरतात. मुक्काम केला तर सकाळी सातला ट्रेलवर असता आणि दरीत तुम्ही नि पाणी, बाकी कोणी नाही. म्हणून जे राहिलेत त्यांनी लिहा. मुलं, म्हातारी माणसं, जेवणखाण, पाऊस, अस्वलं, सगळं.

*

आम्ही जूनमधे पार्कमधल्या लेक जीन तळ्याच्या कॅम्पग्राउंडला राहिलो. बुकिंग 11 महिने आधी उघडतं, वीकेंडच्या चांगल्या साइट्स पटापट जातात.

ट्रेलचा आकार इंग्रजी वाय सारखा आहे. वरून दोन ओढे येतात, एक ग्लेन लीमधून आणि एक गनोगा ग्लेनमधून, आणि वॉटर्स मीटला एकत्र होतात. सगळं करायचं नसेल तर एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं आणि वर हायलँड ट्रेलने जोडून घ्यायचं, साधारण तीन-चार मैल होतात. माझं ठाम मत, ग्लेन लीने उतरा आणि गनोगाने चढा. कारण चढताना धबधबा तोंडासमोर असतो, उतरताना पाठीमागे राहतो आणि सगळं लक्ष पायाखाली. गनोगा फॉल्स 94 फूट आहे, सगळ्यात उंच. पाणी एकदम कोसळत नाही, दगडाच्या पातळ पातळ थरांवरून फुटत फुटत येतं, आणि बाजूने चढताना चष्म्यावर इतके तुषार बसतात की दर चार पायऱ्यांना पुसावा लागतो. पायऱ्या दगडी, कायम ओल्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. चांगल्या ग्रिपचे ट्रेकिंग शूजच घाला, मी तिथे फ्लिपफ्लॉपवाले पाहिलेत आणि मला त्यांचीच भीती वाटत होती.

*

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, वय सत्तरच्या पुढे, गुडघ्यांचा त्रास. त्यांना दरीत नेणं शक्यच नव्हतं. पण खाली रूट 118 च्या पार्किंगपासून अॅडम्स फॉल्स अगदी जवळ आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही इथे खुर्चीवर बसा, आम्ही ट्रेल करून येतो." तर त्या म्हणाल्या, "अगं जा तुम्ही निवांत, मला पाण्याचा आवाज आहे की सोबतीला." आळीपाळीने एकजण त्यांच्याजवळ थांबलो. त्या दिवसभर खूश होत्या, अजून फोनवर सगळ्यांना सांगतात.

जेवणाचं म्हणाल तर सकाळी गॅसच्या शेगडीवर पोहे, रात्री घरून नेलेलं राजमा आणि टॉर्टिया. काळी अस्वलं आहेत, तेव्हा खाणं, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद, तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. आणि रात्री नऊनंतर शांतता पाळायची असते, गाण्याच्या भेंड्या त्याआधी उरकून घ्या. दारूला पार्कमधे बंदी आहे, ते मला तरी उत्तम वाटलं, शेजारच्या साइट्सवर फक्त पोरांचा किलबिलाट होता.

*

वाट कोणी बांधली ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ही जमीन कर्नल रॉबर्ट ब्रूस रिकेट्स यांची, अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत तोफखान्याची एक तुकडी त्यांच्याकडे होती. त्यांनी सहा माणसं लावून 1889 ते 1893 मधे ही दरीतली वाट करून घेतली. आजूबाजूच्या डोंगरांवर लाकूडतोड झाली पण दरीतली झाडं त्यांनी राखली. म्हणून आज खाली शेकडो वर्षांचे हेमलॉक उभे दिसतात, भर दुपारी त्यांच्याखाली गार वाटतं. ओनायडा, मोहॉक, सेनेका, टस्करोरा ही धबधब्यांची नावं तिथल्या मूळ जमातींची आहेत. मुलांना प्रत्येक धबधब्याच्या पाटीपाशी थांबवून नाव वाचायला लावलं, त्या नादात ती न कुरकुरता सगळी चढण चढली.

*

पाण्याबद्दल. मे-जूनमधे भरपूर असतं, कोरडा ऑगस्ट गेला तर धार बारीक होते. ऑक्टोबरच्या मध्यात रंग अप्रतिम पण गर्दीही तेवढीच, आणि रात्री चांगलीच थंडी, उन्हाळ्याची स्लीपिंग बॅग पुरत नाही. हिवाळ्यात धबधबे गोठतात, तेव्हा मात्र क्रॅम्पॉन, दोर असं बर्फात चालायचं सामान असल्याशिवाय फॉल्स ट्रेलवर जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

*

एक प्रश्न, आम्ही भाड्याने ट्रेलर घेऊन येतोय, रूट 118 वरून रूट 487 ने वर चढवता येईल का?

*

नका चढवू. रेड रॉक गावाकडून वर येणारा तो चढ फार तीव्र आहे, पार्कवालेही जड ट्रेलरना तिथून येऊ नका सांगतात. उत्तरेकडून, डुशोर गावावरून 487 ने खाली या. लांब पडेल पण गाडीला त्रास नाही. आणि सरपण घरून आणू नका, लाकडातून झाडांची कीड पसरते, जवळच्या गावात विकत मिळतं. जंगलातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे, केसांत टिक्स (गोचिडी) आहेत का ते नीट बघा.